करडाचं उष्टावण

शेळीच्या पोटातल्या वायूवर माझं पोट चालतं. पाहुण्यांत बसले की हे वाक्य मी मुद्दाम टाकते. कुणीतरी ठसकतं, कुणीतरी नाकाला पदर लावतं आणि मग मला सविस्तर सांगायची संधी मिळते. पुण्याकडच्या एका प्रयोगशाळेत मी कामाला आहे. करडांच्या पोटातला थोडासा द्रव नळीने काढून आमच्याकडे येतो आणि त्यात मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव कधी आले, किती आले, हे आम्ही बघतो. मिथेन म्हणजे गोबरगॅसच्या टाकीत असतो तोच वायू. शेळी तो ढेकर देऊन बाहेर टाकते, आणि जगाची हवा तापवण्यात त्या ढेकरांचाही वाटा असतो. म्हणून करडू लहान असतानाच त्याच्या पोटात हे जीव कमी कसे राहतील, याची खटपट आमच्याकडे चालते.

लोणावळ्याहून रोज सकाळी गाडी पकडून मी या ढेकरांच्या मागे जाते. लग्न केलं नाही, त्यामुळे नातेवाइकांच्या मते शेळ्यांनीच मला ठेवून घेतलंय. काम मला मनापासून आवडतं. एका ठरावीक निळसर प्रकाशाखाली काच धरली की हे जीव आपले आपणच हिरवे-निळे चमकायला लागतात, वरून रंग घालावा लागत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून शेजारच्या मुलीला ओढत आणलं होतं. आजही तो ठिपक्यांचा उजेड दिसला की मला बरं वाटतं, ते कमी करायचेत हे माहीत असूनसुद्धा.

ते येतात कुठून, हा खरा प्रश्न. करडू जन्मतं तेव्हा त्याचं पोट जवळजवळ रिकामं असतं. मग आई त्याला चाटते. ते तिच्या तोंडाला तोंड लावतं, तिने अर्धवट टाकलेला पाला हुंगतं, चघळतं. गवत खायला लागण्याच्या कितीतरी आधी त्याच्या पोटात बिऱ्हाडं येऊन राहिलेली असतात. आईपासून तोडून बाटलीवर वाढवलेल्या करडातही थोडे येतातच, पण तुरळक. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम याला मोठं शास्त्रीय नाव देतात. साध्या मराठीत त्याला उष्टं म्हणतात, आणि तो शब्द आमच्या घरात चालत नाही.

आमचं घर कार्ल्याच्या डोंगराखाली, भातखाचरांच्या कडेला. आजी, म्हणजे वडिलांची आई, लग्न होऊन आली तेव्हा गावात आमच्या माणसांना वरच्या आळीतून उरलेली भाकरी मिळायची. कामाच्या बदल्यात. टोपली खाली ठेवायची, लांब उभं राहायचं आणि वरून भाकरी पडायची. पुढे आमच्या लोकांनी बुद्धाचा धम्म घेतला, आणि आजीने ती टोपली चुलीत घातली. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाचं उष्टं आलं नाही. आजीचं हे व्रत आईने सून म्हणून उचललं आणि सासूच्याही चार पावलं पुढे नेलं. आम्हा भावंडांना एकमेकांच्या ताटातलं खायची बंदी होती. मैत्रिणीने चावलेला पेरू हातात दिसला तर पाठीत धपाटा बसायचा. बाकीच्या मुलांना त्यांच्या आया आपल्या ताटातला घास भरवायच्या, ते बघून मला हेवा वाटायचा. आई आम्हाला भरवायची ती आमच्याच ताटातून, हात धुऊन.

इतकंच काय, बाळाला पहिल्यांदा भात भरवतात त्याला सगळा महाराष्ट्र उष्टावण म्हणतो, आमच्या घरी तोही शब्द नव्हता. आमच्याकडे 'पहिला घास' व्हायचा.

वडील गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी इंदुरी गावातल्या एका ओळखीच्या माणसाकडून एक शेळी आणली होती. तांबूस, कान लांब, स्वभावाने आगाऊ. वडील गेल्यावर आईचं बोलणं या शेळीशीच जास्त व्हायचं. भाऊ कामासाठी गुजरातेत, मी लोणावळ्यात. घरात ती आणि शेळी. शेळीशी ती भांडायचीसुद्धा, आणि भांडण वडिलांशी अर्धवट राहिलेलंच असायचं. मी तिला म्हटलं होतं, आये, माझ्याकडे येऊन राहा. तर म्हणाली, "तितं तुज्या तुंगार्लीच्या बंगल्यांत मी कुनाशी बोलू? कुत्र्यांशी?"

दिवाळीनंतर, भाताची कापणी उरकली तेव्हा शेळी व्याली आणि दुसऱ्याच दिवशी गेली. मागे एक करडू राहिलं, शेळीसारखंच तांबूस. आईने ते पदरात घालून घरात आणलं ते घरातच ठेवलं. फोनवर मला म्हणाली, "तुज्या बापाचं येवढंच ऱ्हायलंय." ती असं कधी बोलत नाही. मी त्या शनिवारी धावत गेले.

जाऊन बघते तर करडाचा थाट राजाचा. धुतलेल्या गोणपाटावर अंथरूण, दुधाची बाटली रोज उकळलेली, दूध उकळून गार केलेलं. हात लावायच्या आधी साबण. जरा मोठं झाल्यावर तोंडात पाला द्यायचा तर तोही धुऊन, पुसून. बाहेरच्या शेरडांची सावली पडू देत नव्हती. त्याला काही लागू नये, काही बाधू नये, कुणाच्या तोंडचं त्याच्या तोंडात जाऊ नये. तिने आम्हाला जसं वाढवलं तसंच तिने त्याला वाढवलं. आम्ही तर चांगले धडधाकट निघालो होतो.

करडू मात्र निघालं नाही. दुधावर होतं तोवर ठीक चाललं. पाल्यावर यायची वेळ झाली आणि ते खंगायला लागलं. पाला तोंडात धरायचं, दोनदा चावायचं आणि सोडून द्यायचं. पोट तेवढं नगाऱ्यासारखं, बाकी हाडं. अंगावरचा केस राठ झाला. इतर करडं या वयात खाऊन सावलीला बसतात आणि निवांत रवंथ करतात. हे नुसतं बसायचं, तोंड मिटून. आई त्याच्यासमोर बसून स्वतःचं तोंड हलवून दाखवायची, असं कर, असं. मला हसू आलं आणि मग लगेच रडूही आलं.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी तपासलं, शेण बघितलं, जंताचं औषध आधीच झालेलं होतं. आजार असा काही नाही म्हणाले. पोट चालूच झालेलं नाही. पाला पचवणारे जीव असतात, ते याच्या पोटात रुजलेच नाहीत. मग चपला घालता घालता त्यांनी सहज सांगितलं, "मावशी, याला एखाद्या निरोगी शेळीचं उष्टं द्या. रवंथ करत असेल तेव्हा तिच्या तोंडातला गोळा काढायचा आणि याच्या तोंडात सारायचा. थोडे दिवस द्या. लवकर द्या पण."

डॉक्टर गेल्यावर आईने ते बसले होते ती खुर्ची उचलून जाग्यावर ठेवली आणि मला म्हणाली, "दुसरा डाक्टर बग."

त्या दिवशी आमचं जे वाजलं ते आठवून आजही माझा आवाज चढतो. मी म्हटलं, डॉक्टर बरोबर सांगताहेत, माझं रोजचं कामच हे आहे. ती म्हणाली, तुजं काम तुज्यापाशी. मी म्हटलं, आये, शेळी आहे ती, माणूस नाही. तर ती एकदम वळली.

"जनावर हाय म्हनून त्यानं कुनाचंबी खायाचं व्हय? आमाला बी असंच म्हनायचे."

तरी मी बोलतच राहिले. रागात माझं तसंच होतं. शेवटी ती करडाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटलं. दारापलीकडून मला तिचं बोलणं ऐकू येत होतं. ती करडाला सांगत होती, काय न्हाई व्हनार तुला, काय न्हाई व्हनार.

मॅडमना विचारून मी करडाच्या पोटातला थोडा द्रव प्रयोगशाळेत नेला. काचेखाली धरला. इतर करडांच्या थेंबात यात्रा भरलेली असते; इथे एखाददुसरा हिरवा ठिपका, आणि बाकी काळोख. मला तिथे आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती मला नेहमीच टोचते. हे मिथेनवाले जीव स्वतः पाला पचवत नाहीत. पाला पचवणारे वेगळे असतात, आणि त्यांनी टाकून दिलेल्या वायूवर हे जगतात. दुसऱ्याने टाकलेलं उचलून नेतात म्हणून तर आतलं काम तुंबत नाही. आणि आम्ही सगळे मिळून शोधतोय की यांना बाहेर कसं ठेवायचं. मी हे आईला सांगायला गेले नाही. सगळ्याच गोष्टी आईला सांगायच्या नसतात.

एक सोपा रस्ता होता. प्रयोगशाळेत निरोगी शेळ्यांच्या पोटातला द्रव असतो. गाळलेला, गरम बाटलीत भरलेला, वर चिकटपट्टी लावलेला. तो घेऊन जायचा आणि सांगायचं, आये, हे नवीन औषध. तिने डोळे मिटून पाजलं असतं, औषधावर तिचा फार विश्वास. सकाळी कामाला जाताना मी गाडीत कामशेतपर्यंत याचाच विचार करत होते. मग मनात आलं, तिने जन्मभर जो एक शब्द घराबाहेर ठेवला, तो मी बाटलीत भरून, वर दुसरं नाव चिकटवून आत न्यायचा? दुसऱ्या कुठल्याही बाबतीत मी तिला बिनधास्त गंडवलं असतं. गोड खाल्लंस का विचारल्यावर ती मला गंडवतेच की. पण याबाबतीत नाही. त्या संध्याकाळी मी रिकाम्या हाताने मळवलीला, गावच्या स्टेशनवर, उतरले आणि तिला तेही सांगून टाकलं, की असं असं करणार होते, नाही केलं.

ती सुपात तांदूळ निवडत होती.

"बाटलीत भरलं तरी ते त्येच ना?" तिने विचारलं.

"तेच."

"आन् न्हाई दिलं तर?"

"नाही दिलं तर जाईल, आये."

करडू तिच्या मांडीला टेकून पडलं होतं. त्याला आता मान धरवत नव्हती. आईने सूप बाजूला ठेवलं आणि त्याची मान तळहातावर घेतली. मग तिने असं काही विचारलं, जे इतकी वर्षं त्या जिवांना काचेखाली बघूनही मला कधी सुचलं नव्हतं.

"ह्याची आई असती तर तिनं काय केलं असतं?"

मी सांगितलं. चाटलं असतं. तोंडाला तोंड लावलं असतं. अर्धं खाऊन अर्धं त्याच्यापुढे टाकलं असतं. तिच्या तोंडातून ते सगळं याच्या पोटात गेलं असतं, कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

"म्हंजे ती तिच्या तोंडचं देती," आई म्हणाली. "वरनं टाकत न्हाई."

"नाही टाकत."

ती उठली, केस सारखे केले, पातळ नीट केलं. करडाला छातीशी धरून ती घराबाहेर पडली आणि वरच्या आळीच्या रस्त्याला लागली. मी चपला शोधत मागे धावले.

वरच्या आळीत शेळ्या एकाच घरी उरल्यात. तेच घर. आजीच्या टोपलीत जिथून भाकरी पडायची ते. आज तिथे माझ्या आईच्या वयाची मावशी असते. त्या दोघी लावणीला एका खाचरात वाकलेल्या, एकमेकींच्या बाळंतपणाला धावलेल्या. मावशीकडचं कच्चं आई घ्यायची, काकडी म्हणा, वाल म्हणा. शिजलेलं कधी नाही. मावशीनेही कधी आग्रह केला नाही. दोघींना कारण माहीत होतं आणि दोघींनी ते कधी काढलं नव्हतं.

मावशी ओट्यावर शेंगा सोलत होती. आईने करडू पुढे केलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. मावशी लगबगीने उठली.

"अगं मग पोरीला धाडायचंस की! वाटीत घालून दिलं असतं. तू कशाला येवढं चढून आलीस?"

"वाटीत न्यायला न्हाई आले मी," आई म्हणाली. "त्याला घिऊन आले. शेळीच्या म्होरं."

गोठ्यात एक काळी, वयस्क शेळी बसली होती, तिची दोन करडं शेजारी. डॉक्टरांनी तपासलेली, ठणठणीत. तिचा रवंथ संथ चालला होता. मावशीने तिचं तोंड एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताची बोटं गालाच्या आतून घातली. शेळीच्या दाढा धारदार असतात, चुकलं तर बोट जातं. तिने हिरवा, ओला गोळा बाहेर काढला आणि सवयीने बोलून गेली, "हां, घे, हे उष्टं घाल त्याच्या तोंडात."

आईचा हात पुढे आलेला, तसाच थांबला.

ही आता वळणार आणि खाली चालू लागणार, मला खात्री होती. त्या क्षणी मला त्या शब्दाचा इतका राग आला की तो कुठून तरी उपटून फेकून द्यावा असं वाटलं.

"अगं," आई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "उष्टं म्हनू नगं. उष्टं मला ठावं हाय कसं असतं. ह्यो तोंडचा घास हाय."

मावशी तशीच उभी. हातातला गोळा गळत होता. तिची मान आधी खाली गेली, मग ती आईकडे बघायला लागली. तिच्या सासूने वरून भाकरी टाकल्याचं तिने ऐकलं असणार, नवी सून असताना. मला वाटतं, त्या गोष्टीला त्या दोघींमध्ये पहिल्यांदाच हात लागला होता.

"व्हय गं बाय," ती म्हणाली. "तोंडचा घास."

आणि तिने तो आईच्या हातात टाकला नाही. गुडघ्यावर बसली, आईने करडाचा जबडा उघडून धरला आणि मावशीने आपल्या हाताने तो त्याच्या जिभेवर मागपर्यंत सारला. करडाने तोंड वाकडं केलं. मग गिळलं. दोघींची बोटं हिरवी झाली होती आणि दोघी एकदमच पदराला पुसायला लागल्या.

पुढे रोज सकाळी आई करडाला घेऊन वर जायची. घास झाला की ते तिथेच काळ्या शेळीच्या करडांत सोडायची. ती एकमेकांना हुंगायची, चाटायची, एकाच फांदीला तोंडं लावायची. आई ओट्यावर बसून हे बघायची आणि तिला ते अजिबात सहन व्हायचं नाही. दर वेळी उठून त्यांना बाजूला करायला निघायची आणि मग पुन्हा बसायची. मावशी हसायची. एकदा मावशीने चहा पुढे केला. आईने तो घेतला, हे मला मावशीनेच नंतर फोनवर सांगितलं. आईने मला काही सांगितलं नाही.

एका रविवारी मी घरी होते. दुपार होत आली होती. आईने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी केली होती. आम्ही दोघी दारात ताटं घेऊन बसलो होतो. करडू अंगणात सुबाभळीची डहाळी ओरबाडून आलं होतं, न धुतलेली, आणि आमच्यासमोर पाय मुडपून बसलं. त्याच्या गळ्यातून खालून वर एक गाठ सरकत आली. ते थांबलं, स्वतःच चकित झाल्यासारखं. आणि मग तोंड हलायला लागलं, डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे. आई बघतच राहिली, हातातला घास तोंडापाशी धरून. तेवढ्यात करडाने मान जरा उंच केली आणि चांगला घसघशीत ढेकर दिला.

"ऐकलास काय गं?" आई ओरडली. "तृप्तीचा ढेकर! तुज्या बापावानी!"

ज्या वायूला कमी करायला मला नोकरीवर ठेवलंय, तो नेमका माझ्या तोंडावर येऊन गेला आणि मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. माझ्या मॅडमनी मला बघायला नको होतं. मी आईला सांगितलं, आये, त्याच्या पोटात आता वस्ती झाली, दिवे लागले. ती हसत होती आणि डोळे पुसत होती, चटणीच्या हाताने, त्यामुळे डोळे आणखीच चुरचुरले.

मग तिने तिच्या भाकरीकडे बघितलं. अर्धी खाल्लेली होती, कडेला दातांची खूण होती. तिने त्या खुणेच्या बाजूनेच एक तुकडा मोडला, त्यात चटणी घेतली आणि हात माझ्या तोंडासमोर धरला.

मी पन्नाशीला आलेली बाई. तिच्या ताटातलं मी आजवर कधी खाल्लेलं नव्हतं.

"आये, चावलेली आहे ती," मी म्हणाले. दुसरा कुठला शब्द वापरायची माझी हिंमत नव्हती.

"ठावं हाय मला. तोंड उघड."

मी उघडलं. घास तिखट होता आणि थोडा ओलसर. तो गिळायची मला घाई नव्हती. समोर करडू रवंथ करत बसलं होतं, आणि त्याच्यासमोर मीसुद्धा.